३६० फ्लिप नेमकी फिरते कशाने?

स्केटबोर्डिंगमधल्या ज्या ट्रिक्स बघताक्षणी डोळ्यांत भरतात, त्यांत ३६० फ्लिपचा क्रमांक फार वरचा. खेळाडू उडी मारतो, पायाखालचा बोर्ड सुटतो, जमिनीला समांतर असा पूर्ण एक फेरा घेतो आणि त्याच वेळी स्वतःच्या लांबीभोवतीही एकदा गरकन उलटून सुलटा होतो. मग पाय वरून येऊन त्याला पकडतात आणि चारही चाकं एकदम जमिनीला लागतात. खेळणाऱ्यांच्या बोलण्यात हिचं नाव ट्रे फ्लिप. ऑली (हात न लावता बोर्डासकट उडी), शव्हिट (बोर्ड पायाखाली आडवा गोल फिरवणं) आणि किकफ्लिप (तो लांबीभोवती उलटवणं) जमायला लागल्या की जवळपास प्रत्येकाला पुढची म्हणून हीच हवी असते, आणि बहुतेकांचं घोडं अडतं तेही हिच्यापाशीच.

अडण्याचं मोठं कारण म्हणजे ही ट्रिक समजावण्याची रूढ पद्धत. ‘३६० शव्हिट अधिक किकफ्लिप म्हणजे ३६० फ्लिप’ असं सगळीकडे सांगितलं जातं. बोर्ड हवेत काय करतो याचं वर्णन म्हणून ते अगदी बरोबर आहे. पण शिकणारा त्यातून असा अर्थ काढतो की मागच्या पायाने बोर्ड गोल फिरवायचा, पुढच्या पायाने उलटवायचा आणि दोन्ही कामं एकाच क्षणी करायची. मग तो पुढचा पाय जीव खाऊन झटकत राहतो आणि बोर्ड दर वेळी वेगळ्याच दिशेला भरकटतो. माझं म्हणणं असं की ही ट्रिक एकाच हालचालीची आहे. ती हालचाल मागच्या पायाची असते. बोर्डाचं उलटणं बहुतांशी त्याच हालचालीतून आपोआप निघतं, आणि पुढच्या पायाने त्याला फक्त वळण लावायचं असतं. हे असं का, ते भौतिकशास्त्र छान सांगतं. एकदा ते समजलं की सरावात कशाकडे लक्ष द्यायचं हा गोंधळ बराच कमी होतो.

आधी थोडे शब्द ठरवून घेऊ. बोर्डाचं पुढचं वर वळलेलं टोक म्हणजे नोज, मागचं म्हणजे टेल. फळीखाली धातूचे दोन ट्रक असतात आणि त्यांना चाकं लावलेली असतात. ट्रक ज्या बोल्टांनी बसवलेले असतात, त्यांची डोकी फळीवर दिसतात. बोर्डावर आपण आडवे उभे राहतो, त्यामुळे एक कड पंजांकडे येते आणि दुसरी टाचांकडे. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा ठेवणाऱ्याला गूफी. मी डावं-उजवं न म्हणता पंजाकडची कड आणि टाचेकडची कड असंच म्हणणार आहे, म्हणजे सगळं दोघांनाही लागू पडेल. टेल जमिनीवर आपटून बोर्ड उसळवणं म्हणजे पॉप. मागच्या पायाने टेल खेचून बोर्ड गोल फिरवणं म्हणजे स्कूप. पुढच्या पायाने कडेवरून दिलेला झटका म्हणजे फ्लिक.

या सगळ्याच्या मुळाशी ऑली आहे. हात न लावता बोर्डासकट हवेत उठण्याची ही युक्ती फ्लोरिडाच्या ॲलन गेलफँडने १९७० च्या दशकाच्या शेवटी उतरत्या, वक्र भिंतींवर शोधली. ‘ऑली’ हे त्याचंच टोपणनाव. फ्लोरिडातच वाढलेल्या रॉडनी मलनने १९८२ मध्ये ती सपाट जमिनीवर आणली. तिथून त्याने जे काही केलं त्याने या खेळाचं रूपच पालटलं. किकफ्लिप, हीलफ्लिप, इम्पॉसिबल आणि आपली ३६० फ्लिप या सगळ्या १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याच्याच पायांतून निघाल्या. आज लहान लहान मुलं सहज करतात त्या हालचाली एकेकाळी एका माणसाने एकट्याने, समोर फारसा नमुना नसताना शोधून काढल्या, हे मला या खेळातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं. पुढे १९९० च्या सुमारास जेसन ली या अमेरिकन स्केटरने ही ट्रिक इतक्या ऐटीत केली की रस्त्यावर स्केटिंग करणाऱ्या सगळ्यांना तिचं वेड लागलं.

अर्ध्या सेकंदाचा खेळ

बोर्ड हवेत किती वेळ असतो? ३० सेंटिमीटर उंचीवरून खाली पडायला साधारण पाव सेकंद लागतो, वर जायलाही तेवढाच. म्हणजे सगळा मिळून सुमारे अर्धा सेकंद. उडी ४५ सेंटिमीटरची असली तरी हा वेळ ०.६ सेकंदापर्यंतच जातो. त्यातला शेवटचा भाग पायांनी बोर्ड पकडण्यात जाणार. मग फिरायला उरतात सेकंदाचे चार दशांश, म्हणजे बोर्डाला सेकंदाला अडीच फेऱ्यांच्या वेगाने फिरावं लागतं.

आता याच्याशेजारी माणसाच्या प्रतिक्रियेचा वेळ ठेवा. डोळ्यांनी काही पाहून शरीर हलायलाच साधारण ०.२ सेकंद लागतात. बोर्ड चुकीचा फिरतोय हे दिसलं, ते मेंदूला कळलं आणि पायाला हुकूम गेला, तोवर बोर्ड निम्म्याहून जास्त फिरून झालेला असतो. म्हणून ही ट्रिक हवेत सुधारता येत नाही. तिचं जे काही व्हायचं ते पाय बोर्डाला टेकलेले असेपर्यंतच ठरून जातं. बोर्ड सुटला की त्याच्यावर फक्त गुरुत्वाकर्षण उरतं, आणि गुरुत्वाकर्षण त्याच्या फिरण्यात काहीच बदल करत नाही. जेवढी फिरकी दिलीत तेवढीच शिल्लक राहते. म्हणून हवेत पाय कसे हलवायचे यावर घालवलेला वेळ मला वाया गेल्यासारखा वाटतो. बघायचा तो सुरुवातीचा टेकलेला क्षण.

उलटणं कुठून येतं

एक लांब काठी हातात घेतली आणि बोटांत धरून तिच्याच लांबीभोवती फिरवली तर ती सहज फिरते. तीच मधोमध धरून आडवी गोल फिरवायला गेलं तर मनगटाला जोर लावावा लागतो. वजन फिरण्याच्या अक्षापासून जितकं लांब, तितकी ती वस्तू फिरायला नाखूश. या नाखुशीला जडत्वाघूर्ण म्हणतात. स्केटबोर्डाचंही असंच आहे. तो साधारण ८० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो. फळी, ट्रक आणि चाकं धरून ढोबळ हिशोब केला, तर लांबीभोवती उलटण्यापेक्षा आडवं गोल फिरायला तो सुमारे दहापट नाखूश निघतो. म्हणजे ३६० फ्लिपमधलं अवघड, जोर खाणारं काम आहे ते गोल फिरण्याचं. उलटणं त्या मानाने फारच स्वस्त.

इथून पुढचा मुद्दा जरा सावकाश वाचा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. स्कूप करताना बोर्ड सपाट नसतो. टेल खाली दाबलेली असते आणि नोज वर उचललेलं असतं. अशा तिरक्या बोर्डाला आपण उभ्या अक्षाभोवती, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरकी देतो. पण बोर्डच तिरका असल्यामुळे त्या फिरकीचा एक छोटा हिस्सा त्याच्या लांबीच्या अक्षावर पडतो. हिस्सा लहान असला तरी त्या अक्षाभोवती बोर्ड दहापट सहज फिरतो, त्यामुळे एवढ्याशा हिश्श्यातही तो झपाट्याने उलटू लागतो. हिशोब केला तर दिसतं की नोज जमिनीपासून पाच-दहा अंश वर असेल, तर एका पूर्ण गोल फेरीत बोर्ड लांबीभोवतीही जवळपास एकदा उलटून येईल. पाच-दहा अंश म्हणजे किती? सपाट वाटेल इतकं कमी.

दिशाही नेमकी हवी तीच निघते. स्कूप करताना टेल पाठीच्या बाजूला खेचली जाते. नोज वर ठेवून अशी फिरकी दिली की पंजाकडची कड वर उठते आणि बोर्ड आपल्या अंगाकडे उलटतो. किकफ्लिपमध्येही तो असाच उलटतो. एखादं चिंचोळं पुस्तक टेबलावर ठेवा, त्याचं एक टोक थोडं वर उचला आणि दुसरं टोक झटकन बाजूला खेचून सोडा. ते नुसतं गोल न फिरता कड उचलून वळताना दिसेल.

याच तर्काने इतर फ्लिप ट्रिक्सचा स्वभावही उलगडतो, आणि माझ्या मते हा या सगळ्या हिशोबाचा सर्वांत मोठा फायदा आहे. लेझर फ्लिप घ्या. तिच्यात टेल उलट दिशेने, पोटाच्या बाजूला फिरवली जाते आणि बोर्ड हीलफ्लिपच्या, म्हणजे किकफ्लिपच्या उलट दिशेने उलटतो. ही ३६० फ्लिपची आरशातली प्रतिमा आहे, कारण इथेही स्कूपमधून आपोआप निघणारी उलटण्याची दिशा आणि हवी असलेली दिशा एकच आहेत. पाय वेगळ्या पद्धतीने वळवावे लागतात म्हणून ती अवघड वाटते, पण बोर्डाला ती मान्य असते. हार्डफ्लिपमध्ये मात्र स्कूप पोटाच्या बाजूला आणि उलटणं किकफ्लिपचं. स्कूप बोर्डाला एकीकडे उलटवू पाहतो आणि पुढच्या पायाला तेच थोपवून दुसरीकडे न्यायचं असतं. इनवर्ड हीलफ्लिपमध्ये स्कूप पाठीच्या बाजूला आणि उलटणं हीलफ्लिपचं, म्हणून तिचीही हीच कथा. म्हणून या दोन ट्रिक्समध्ये पुढच्या पायाला खरोखर राबावं लागतं आणि बोर्ड सारखा उभा राहू पाहतो. ३६० फ्लिप करताना मात्र तुम्ही बोर्डाच्या स्वभावाच्या बाजूने असता. म्हणूनच चांगल्या खेळाडूची ट्रे फ्लिप इतकी संथ आणि निवांत दिसते.

पाय कुठे, वजन कुठे

मागच्या पायाची जागा सगळ्यात महत्त्वाची. पायाचा चवडा टेलवर, पण मधोमध नव्हे. टेलचं वळण जिथे सुरू होतं त्या पंजाकडच्या कोपऱ्यात तो हवा. बोटांची टोकं कडेच्या किंचित बाहेर आलेली असावीत, म्हणजे खेचताना कड बोटांत धरल्यासारखी वाटते. पाय टेलच्या मध्यावर असला की पॉप उत्तम बसतो, पण बोर्ड गोल फिरवायला पकड मिळत नाही.

पुढचा पाय किकफ्लिपला ठेवतो तसाच तिरका, मात्र थोडा मागे. पुढच्या बोल्टांपासून दोन-चार बोटं बोर्डाच्या मध्याकडे, आणि टाच टाचेकडच्या कडेवरून जराशी लोंबती. पुढे ठेवलेला पाय नोजला दाबून धरतो आणि मग नोज वर उचलायलाच वाव मिळत नाही. शिवाय बोर्ड गोल फिरायला लागला की सगळ्यात आधी तो याच पायाला अडकतो.

आता मुख्य हालचाल. गुडघे वाकवा, वजन दोन्ही पायांवर ठेवा, मागच्या पायावर कणभर जास्त. उडी घेताना मागचा पाय टेल खाली दाबतो आणि त्याच ओघात पाठीच्या बाजूला खेचून घेतो. दाबणं आणि खेचणं असे दोन तुकडे पडता कामा नयेत. पायाचा मार्ग खाली, मागे आणि मग वर अशा एका कमानीचा असावा. ऑलीसारखा टणकन पॉप इथे नकोच. टेल जमिनीला घासून गेली तरी चालते, अनेकांची ट्रे फ्लिप तशीच निघते. पुढचा पाय तोवर हलका होतो, नोजच्या टाचेकडच्या कोपऱ्यावरून ओझरता सरकतो आणि वर निघून जातो. बोर्डाला वाट करून देणं हे त्याचं पहिलं काम, आणि उलटणं कमी पडत असेल तर हलकासा स्पर्श देऊन भर घालणं हे दुसरं.

खांद्यांकडे लक्ष असू द्या. बोर्डाला एका बाजूला फिरकी दिली की शरीर विरुद्ध बाजूला फिरू पाहतं. हात अंगाशी धरले तर धड जास्त वळतं आणि पाय उतरताना बोर्डाशी तिरके येतात. हात दोन्ही बाजूंना पसरले की शरीराची फिरण्याबद्दलची नाखुशी वाढते आणि धड जागेवर राहतं. खांदे बोर्डाला समांतर ठेवून हात उघडे ठेवायला सांगतात ते याचसाठी.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टेल पाठीच्या बाजूला खेचताना बोर्डाला फिरकी मिळते, पण सोबत थोडा धक्काही मिळतो, आणि पूर्ण बोर्ड टाचांच्या बाजूला सरकतो. सरळ वर उडी मारणाऱ्याला बोर्ड मागे पडलेला दिसतो आणि तो म्हणतो, ‘फिरला बरोबर, पण पायाखाली आलाच नाही.’ बोर्डामागोमाग आपणही तसूभर मागे उडायचं. मागे म्हणजे आपल्या पाठीच्या बाजूला, टेलच्या दिशेने नव्हे.

सरावाचा क्रम

आधी ३६० शव्हिट, तीही बुटकी. पॉपची घाई न करता नुसता स्कूप, पुढचा पाय उचललेला, बोर्ड जमिनीलगत पूर्ण फिरतो. यातून मागच्या पायाला किती जोर लागतो त्याचा अंदाज येतो. तो अंदाज आल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढा हा पाया आहे. त्यानंतर तोच स्कूप नोज थोडं वर ठेवून करायचा आणि पुढचा पाय नुसता टाचेच्या बाजूने काढून घ्यायचा. उतरायचा प्रयत्नच करू नका. बाजूला उतरा आणि बोर्ड काय करतो ते बघा. एखादा भक्कम कठडा धरून हे केलं तर भीतीही कमी होते आणि बोर्ड नीट दिसतोही. पुढच्या पायाने काहीही न करता बोर्ड अर्धामुर्धा का होईना उलटलेला दिसला की स्कूपमधून उलटणं येतं म्हणजे काय, हे पायाला पटतं. मग राहिलेला भाग पुढच्या पायाच्या ओझरत्या स्पर्शाने पूर्ण करायचा.

आधी व्हेरियल किकफ्लिप शिका आणि मग तीच जास्त फिरवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. व्हेरियलमध्ये बोर्ड गोल फिरतो अर्धाच, पण उलटायचं असतं पूर्ण. म्हणजे प्रत्येक अंशामागे दुप्पट उलटणं हवं. त्यासाठी नोज आणखी वर न्यावं लागतं किंवा पुढचा पाय जोरात झटकावा लागतो. व्हेरियल पुष्कळदा रॉकेटसारखी उभी दिसते ती यामुळेच. ज्याने पायाला झटकण्याची सवय लावली, त्याला ३६० फ्लिपसाठी ती मोडावी लागते. व्हेरियल आवडत असेल तर जरूर करा, पण पायरी म्हणून तिची गरज नाही.

बोर्ड काय सांगतो ते ऐका

फसलेल्या प्रत्येक प्रयत्नात बोर्ड कसा पडला, यावरून सुरुवातीच्या क्षणात काय झालं ते ओळखता येतं. तो तीन-चतुर्थांश फिरून आडवा पडला तर स्कूप अपुरा आहे. बहुतेक वेळा पाय टेलवरून लवकर उठलेला असतो किंवा तो कोपऱ्याऐवजी मध्यावर असतो. गोल पूर्ण फिरला पण चाकं वर राहिली, तर नोज फार सपाट राहिलं किंवा पुढचा पाय वेळेवर न निघाल्याने बोर्ड त्याला अडला. गोल पूर्ण आणि उलटणं मात्र दीड-दोनदा, तर पुढच्या पायाने अति केलं. हा दोष मेहनती मुलांत फार दिसतो, आणि त्यावर उपाय म्हणून ती आणखी जोर लावतात हे बघून वाईट वाटतं. बोर्ड उभा होऊन छातीकडे येत असेल तर पॉप जास्त झाला. टेल आपटण्याऐवजी खेचा.

हे डोळ्यांना सुटतं, म्हणून मोबाईलचा स्लो मोशन इथे खरा गुरू आहे. कॅमेरा जमिनीलगत, टेलच्या बाजूला ठेवावा. बघायचा तो पाय सुटण्याच्या आधीचा क्षण. नोज किती वर आहे, मागचा पाय कुठल्या दिशेला गेला, पुढचा कधी निघाला, एवढं दिसलं की पुरे.

पकडण्याबद्दल. फिरणाऱ्या बोर्डाचं नोज पूर्ण फेरीभर थोडं वरच राहतं. कुणाचा मागचा पाय आधी लागतो, कुणाचा पुढचा. पुढचा आधी लागला तर तो नोज खाली दाबून बोर्ड सपाट करतो आणि ट्रिक फारच देखणी दिसते. पण शिकताना त्याचा आग्रह नको. उतरताना पाय बोल्टांवर यावेत हे मात्र पक्कं. दोन्ही पाय ट्रकांच्या मधल्या जागेत पडले तर सगळं वजन फळीच्या मध्यावर येतं आणि ती मोडू शकते.

भीती

एका पायाने उतरण्याची अवस्था जवळजवळ सगळ्यांना गाठते. बोर्ड नीट फिरतो, एक पाय त्याच्यावर येतो आणि दुसरा मात्र दर वेळी जमिनीवर. याला तंत्राची खोट म्हणून बघू नये. शरीर स्वतःला सांभाळतंय, आणि त्याचं कारण खरं आहे. बोर्ड कडेवर उभा राहिला आणि त्यावर पाय पडला, तर घोटा वाईट मुरगळतो. नडगीवर बसलेला बोर्डाचा फटकाही विसरण्यासारखा नसतो. ही भीती दटावून जात नाही, ओळखीने जाते. बोर्ड कुठल्या वेळी पायाखाली असतो हे शरीराला शंभरदा दिसू द्या. मग ज्या प्रयत्नात बोर्ड ओळखीच्या ठिकाणी दिसला, त्याच प्रयत्नात दोन्ही पाय ठेवा. बोर्ड विचित्र पडताना दिसला तर पाय फाकवून बाजूला उतरायचं, हे ठरवूनच उडी मारा.

पडणंही शिकायला हवं. ताठ हात जमिनीला टेकवून पडणाऱ्यांची मनगटं मोडतात, स्केटबोर्डिंगमधली ही नेहमीची दुखापत आहे. हात किंचित वाकवून खांद्यावरून लोळत जायचं. हेल्मेट घालावं, सुरुवातीला मनगटाचे गार्डही. पायाला थकवा आला की थांबावं. थकलेला पाय स्कूपची कमान पूर्ण करत नाही आणि चुकीची हालचालच पक्की होत जाते.

मन कुठे ठेवायचं, याचंही थोडं शास्त्र आहे. हालचाली शिकण्यावर काम करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून दाखवून दिलं की आपल्या अवयवाकडे लक्ष देण्यापेक्षा त्या हालचालीच्या परिणामाकडे लक्ष दिलं तर कौशल्य सहसा चांगलं जमतं. इथे त्याचा अर्थ असा की ‘घोटा असा वळव’ असं मनात घोकण्याऐवजी ‘टेल पाठीमागे गेली पाहिजे’ एवढंच मनात धरावं. पाय त्याची वाट शोधतो.

बोर्ड आणि जमीन

साधनाचा फरक पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही. फळी सहसा मेपल लाकडाच्या ७ थरांची असते. रुंदी हा मुद्दा खरा महत्त्वाचा. ८ इंची फळीऐवजी साडेआठ इंची घेतली, तर नुसत्या फळीचा हिशोब धरला तरी लांबीभोवती उलटवायला ती सुमारे २० टक्के जास्त नाखूश होते. अर्धा इंच ऐकायला काहीच नाही, पायाला मात्र कळतो. अरुंद बोर्ड झटकन उलटतो, रुंद बोर्ड सावकाश उलटतो आणि पकडायला सोपा जातो. आपल्या पायाला बसेल तो घ्या आणि शिकत असताना बदलू नका. टेल झिजून धारदार झाली असेल तर पॉप आणि स्कूप दोन्ही बिघडतात. तेवढं तपासा. ट्रक फार सैल असतील तर स्कूपच्या आधीच बोर्ड पायाखाली डुलतो.

शेवटी, उभ्याउभ्या करायची की चालत्या बोर्डावर? सुरुवातीच्या ओळखीपुरतं उभं राहून ठीक आहे. पण चाकं गवतात किंवा फटीत अडकवून केलेला सराव फसवा असतो. तिथे बोर्ड सरकत नाही, त्यामुळे मागे ओढण्याचा धक्का कळतच नाही आणि खऱ्या जमिनीवर सगळा अंदाज चुकतो. बोर्ड आणि आपण एकाच वेगाने पुढे जात असलो, तर हवेतली फिरकी उभ्या बोर्डावर असते तशीच राहते, वेगाने तिच्यात फरक पडत नाही. उलट उतरताना वेग मदतच करतो. बोर्ड दहा-पंधरा अंश कमी फिरला असला तरी गती आणि चाकांचं घर्षण मिळून त्याला सरळ करून घेतात. उभ्याने तोच बोर्ड तिरका राहतो आणि आपण अडखळतो. म्हणून बोर्ड एकदा पायाखाली येऊ लागला की चालण्याच्या वेगाने ढकलत जाऊन करा. तो वेग सवयीचा झाला की थोडा वाढवा, आणि मगच कडेवरून खाली, पायऱ्यांवरून किंवा फकीमध्ये, म्हणजे टेलच्या दिशेने गडगडत जाताना, करायला घ्या.